रोज एक स्वतःचं वाक्य

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात. जून संपत आलेला असतो आणि नागपुरातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीच्या वर्गात पन्नास-साठ मुलं येऊन बसतात. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे नववीतल्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची आठ वर्षं असतात. तरी 'काल संध्याकाळी काय केलंस' हे इंग्रजीत तीन वाक्यांत लिहायला सांगितलं, की बरीच मुलं पेन धरून शेजारच्या वहीकडे बघत बसतात. धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येतं, कारण ते फळ्यावरून उतरवलेलं असतं. निबंध येतो, कारण तो पाठ असतो. स्वतःचं वाक्य येत नाही, कारण ते आजवर कुणी मागितलेलंच नसतं.

हायस्कूलच्या इंग्रजी शिक्षकाची तयारी कशी असावी आणि त्याने वर्गाकडून काय अपेक्षा ठेवावी, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते याच ठिकाणी आहे. मुलाला दररोज निदान एक वाक्य स्वतःचं लिहायला लावणारा शिक्षक हवा, आणि तसं लावायचं तर त्या शिक्षकाला स्वतःला रोज इंग्रजीत वाचता-लिहिता आलं पाहिजे. बाकीचे नियम यातूनच निघतात.

आधी शिक्षक कुठून येतो ते पाहू. बी.ए.ला इंग्रजी विषय आणि वर बी.एड., ही साधारण वाट. एम.ए. असलेलेही पुष्कळ. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यात निदान 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. नोकरीसाठी 200 गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, मग तीन वर्षं मानधनावर शिक्षणसेवक. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन 2023 पासून महिना 18,000 रुपये झालं, त्याआधी ते 8,000 होतं. अभियोग्यता चाचणी सगळ्या विषयांच्या उमेदवारांना सारखीच असते, त्यामुळे इंग्रजी शिकवता येतं की नाही हे तिच्यातून कळायचा प्रश्नच नाही. शिवाय पुष्कळ शाळांत इंग्रजीचे तास कार्यभार भरून काढायला वाटले जातात. इतिहासाच्या शिक्षकाकडे सहा तास कमी पडले, की आठवीचं इंग्रजी त्याच्याकडे. यात त्या शिक्षकाचा दोष नाही. पण त्याला कुणी तयारीला वेळ देत नाही, तेव्हा तो गाईड उघडतो आणि वर्गात तेच वाचून दाखवतो.

इंग्रजी साहित्याची पदवी असली म्हणजे काम झालं असंही नाही. पदवीला नाटकं-कादंबऱ्या असतात, आणि त्या बहुधा नोट्समधून वाचल्या जातात. ध्वनिशास्त्राचा पेपर असतो, पण तो लिहून सोडवायचा असतो. चिन्हं ओळखता येतात आणि आपण स्वतः 'रिसीट'मधला 'प' उच्चारतो की नाही याकडे लक्ष गेलेलं नसतं. 'इंजिनिअर'चा जोर शेवटी पडतो, 'हॉटेल'चाही शेवटी, 'डेव्हलप'चा मधल्या अवयवावर, हे शब्दकोश उघडून एकदा पाहिलं तरच सुधारतं. फोनवरच्या शब्दकोशात आता उच्चार ऐकताही येतो. उद्याच्या धड्यातले दहा शब्द आदल्या रात्री ऐकून घ्यायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मुलं शिक्षकाचा उच्चार जन्मभर घेऊन फिरतात, म्हणून मी याला पाठ टाचणापेक्षाही वरचं स्थान देईन.

नागपूरला इंग्रजी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. हिस्लॉप कॉलेज 1883 चं, मॉरिस कॉलेज 1885 चं, विद्यापीठ 1923 चं, आणि 'हितवाद' हे इंग्रजी वृत्तपत्र 1911 पासून निघतं. पण ही परंपरा कॉलेजात, कोर्टात आणि कचेरीत राहिली. 1956 पर्यंत हे शहर हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होतं. आजही सक्करदऱ्यातल्या किंवा जरीपटक्यातल्या मुलाच्या कानावर दिवसभर मराठी आणि हिंदी पडते. इतवारीत भाव हिंदीत होतो, घरी जेवण मराठीत होतं. इंग्रजी ही त्याची खऱ्या अर्थाने तिसरी भाषा, आणि तिची एकच जागा म्हणजे वर्गातला तास. तो तास पस्तीस मिनिटांचा. साठ मुलांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात, तेही शिक्षक स्वतः एक अक्षर बोलला नाही तर. हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला की वर्ग कसा चालवायचा ते आपोआप ठरतं. एक मुलगा उभा राहून वाचतोय आणि एकोणसाठ ऐकतायत, ही पद्धत परवडणारी नाही. बाकावरच्या जोड्या करून तीस मुलं एकाच वेळी बोलतील अशीच मांडणी करावी लागते. गलका होतो. शेजारच्या वर्गातून तक्रार येते. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

शिक्षकाच्या रोजच्या वाचनासाठी 'हितवाद'ची शहराची पानं चांगली, कारण त्यातला मजकूर मुलांच्या ओळखीचा असतो. पाणीपुरवठा बंद, मेट्रोचं काम, उमरेडकडे दिसलेला वाघ, मारबतीच्या मिरवणुकीची बातमी. ऐंशी ते शंभर शब्दांची बातमी निवडावी. मथळा मात्र वर्गात व्याकरणासाठी वापरू नये. वृत्तपत्राचे मथळे घडून गेलेली गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगतात आणि आर्टिकल गाळतात. मुलांची नेमकी हीच दोन दुखणी असतात, त्यांना छापील पाठिंबा मिळायला नको.

आता वर्गाकडून अपेक्षा. पहिल्या आठवड्यात शिकवायला सुरुवात करण्याआधी वर्ग तपासून घ्यावा. प्रत्येकाला एकट्याला बोलावून पाचवीच्या पुस्तकातला परिच्छेद एक मिनिट वाचायला लावायचा, आणि मग सगळ्या वर्गाकडून तीन वाक्यं लिहून घ्यायची. साठ मुलांना तीन-चार दिवस जातात. ते वाया जात नाहीत. वर्ग तीन गटांत विभागलेला दिसतो. काहींना अक्षरं येतात पण शब्द जुळत नाही. काही घडाघडा वाचतात आणि अर्थ विचारला तर गप्प. आणि काहींना अर्थ कळतो पण लिहिता येत नाही. सेमी-इंग्रजीच्या वर्गात हा तिसरा गट मोठा असतो. विज्ञानातला 'फोटोसिन्थेसिस' त्यांना स्पेलिंगसकट येतो आणि 'आमच्याकडे काल पाहुणे आले' हे लिहिता येत नाही, कारण विज्ञानाचं उत्तरही पाठच केलेलं असतं.

पहिल्या गटाला उरलेल्या वर्गाचाच गृहपाठ देणं ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. ती मुलं तो उतरवून आणतात, वही सुंदर दिसते, आणि दुखणं मार्चपर्यंत झाकलेलं राहतं. त्यांना शाळा भरण्याआधीची पंधरा मिनिटं हवीत, आठवड्यातून चार दिवस. अल्फाबेटपासून सुरुवात करू नये, नववीतल्या मुलाला त्याची लाज वाटते. शेवटच्या 'ई'पासून करावी. कॅपला 'ई' लावला की केप, पिनला लावला की पाइन, हॉपला लावला की होप. एकदा हे गुपित कळलं की मुलगा आपणहून शब्द फोडायला लागतो. मग दोन अक्षरांचे एक आवाज: 'एस-एच', 'सी-एच', 'टी-एच'. मग जोडस्वर: 'ई-ए', 'ओ-ए', 'ए-आय'. दर आठवड्याला एकच जोडी, तिचे दहा शब्द, आणि त्या शब्दांची दोन छोटी वाक्यं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बहुतेक मुलं परिच्छेद अडखळत का होईना वाचू लागतात. न वाचू लागलेल्या मुलाचे डोळे तपासून घ्यायला पालकांना सांगावं. फळा न दिसणारी मुलं दर वर्षी निघतात.

वही. शंभर पानी एक वही फक्त स्वतःच्या वाक्यांसाठी, तिच्यात धड्याची उत्तरं नकोत. डावीकडे समास, वर तारीख, आणि एक ओळ सोडून एक ओळ लिहायचं. रिकामी ओळ दुरुस्तीसाठी. खोडरबर बंद. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची आणि पुढे लिहायचं. रबराने खोडलं की चूक दिसेनाशी होते, आणि मुलाने 'गोज' लिहून त्याचं 'गो' केलं की 'गो'चं 'गोज' केलं, हे शिक्षकाला कळायला हवं. नववीत पहिल्या महिन्यात रोज एक वाक्य, ऑगस्टपासून तीन, सहामाहीनंतर पाच. विषय काहीही: डब्यात काय होतं, बस कशी चुकली, मॅच कुणी जिंकली. अट एकच, शेजाऱ्याचं वाक्य आणि आपलं वाक्य सारखं असता कामा नये.

तपासणीचं गणित कच्चं असलं की हा उपक्रम पंधरा दिवसांत बंद पडतो. साठ वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे तीन तास. कुणालाही रोज ते जमणार नाही. म्हणून रोज बारा वह्या, पाच दिवसांत पूर्ण वर्ग, दिवसाला पस्तीस-चाळीस मिनिटं. एका मोकळ्या तासाचं काम. कुणाच्या वह्या कोणत्या दिवशी हे फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेलं असावं. आणि सगळ्या चुका दुरुस्त करायच्या नाहीत. एका आठवड्यात दोनच प्रकार धरायचे, उदाहरणार्थ क्रियापदाचा काळ आणि शब्दक्रम. चुकीच्या शब्दाखाली रेघ, समासात खूण, बस. काळ चुकला तर 'टी', स्पेलिंगला 'एस', आर्टिकलला 'ए', शब्दक्रमाला 'डब्ल्यू'. दुरुस्ती मुलाने करायची, त्या रिकाम्या ओळीत. शिक्षकाने लाल शाईने अख्खं वाक्य लिहून दिलं तर मुलगा ते वाचतसुद्धा नाही. पान लालेलाल झालेलं बघून वही मिटून टाकतो.

आता त्या चुका. इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रत्येक चुकीमागे मुलाचं काहीतरी तर्कशुद्ध असतं, आणि ते ओळखता येणं हीच इंग्रजी शिक्षकाची खरी विद्या.

'ही डिड नॉट वेन्ट' हे वाक्य नागपुरातल्या कुठल्याही शाळेत, कुठल्याही वर्षी सापडेल. नियम सांगून ते जात नाही. मराठीत 'तो गेला' आणि 'तो गेला नाही', दोन्हीकडे 'गेला' तसाच राहतो, नुसता 'नाही' जोडला जातो. मुलगा तेच करतो. 'वेन्ट' तसाच ठेवतो आणि नकार जोडतो. त्याला फळ्यावर 'वेन्ट' हा शब्द लिहून दाखवावा आणि त्याखाली 'डिड अधिक गो' असं फोडून लिहावं. 'वेन्ट'च्या पोटात 'डिड' लपलेला आहे. साध्या वाक्यात तो लपून राहतो. नकार आला किंवा प्रश्न आला की बाहेर पडतो, आणि तो बाहेर पडला की मागे नुसता 'गो' उरतो. मग 'सॉ', 'एट', 'केम', 'टुक', 'बॉट' अशी बारा क्रियापदं घ्यायची, प्रत्येक फोडायचं, प्रत्येकाचा नकार आणि प्रश्न तोंडी करून घ्यायचा. एका तासात बारा क्रियापदं होतात. दुसऱ्या दिवशी परत तीच बारा, फळा न बघता. 'डझ' आणि 'गोज' हीसुद्धा याच पद्धतीने सुटतात: 'गोज' म्हणजे 'डझ अधिक गो'. मुलांना हे आवडतं, कारण यात पाठ करायला काही नाही.

'माय फादर हॅव कम' लिहिणारं मूल उद्धट नाही, उलट फार सभ्य आहे. मराठीत 'बाबा आले' म्हणतो आपण, 'आला' नाही. आदराचं अनेकवचन त्याने इंग्रजीत नेलं. त्याला एवढंच सांगायचं, की इंग्रजीत क्रियापदाने मान देत नाहीत, 'सर' किंवा 'मिस्टर' म्हणून देतात. 'माय फादर हॅज कम' म्हटल्याने वडिलांचा अपमान होत नाही. हे उघड बोलून दाखवलं की चूक पटकन जाते.

आणि आपल्याकडचं 'करून राहिला'. 'तो का करून राहिला?', 'मी जेवून राहिलो', 'पोट्टे खेळून राहिले'. पुण्याकडचा माणूस हे ऐकून हसतो आणि इथले काही शिक्षकही वर्गात 'शुद्ध बोल' म्हणून दटावतात. इंग्रजीच्या शिक्षकाने तर हे कधीच करू नये. चालू वर्तमानकाळ नागपूरच्या मुलाच्या जिभेवर आयता आहे. 'खेळून राहिले' म्हणजे 'आर प्लेइंग', 'खेळतात' म्हणजे 'प्ले'. बाहेर खिडकीकडे बोट दाखवून विचारा, आता कोण काय करून राहिलं, आणि दहा वाक्यं दहा मिनिटांत येतात. अडचण पुढे येते. 'मले समजून नाही राहिलं' याचं 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' होतं. त्यासाठी 'नो', 'अंडरस्टँड', 'लाइक', 'वॉन्ट', 'बिलीव्ह', 'बिलाँग' अशा क्रियापदांचा एक तक्ता भिंतीवर लावून ठेवायचा, की यांना 'आयएनजी' लागत नाही. दुसरी अडचण 'दोन वर्षांपासून शिकून राहिलो'ची. त्याचं 'आय ॲम लर्निंग सिन्स टू इयर्स' होतं, आणि त्यात दोन चुका आहेत. 'हॅव बीन लर्निंग' हवं, आणि 'सिन्स'च्या जागी 'फॉर'. आपलं 'पासून' दोन्ही कामं करतं म्हणून मुलगा फसतो. घड्याळ किंवा कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर 'सिन्स', बोटांवर मोजावं लागलं तर 'फॉर'. सोमवारपासून, जूनपासून, 2022 पासून: बोट ठेवता येतं. दोन वर्षं, तीन तास: मोजावे लागतात.

आर्टिकलवर मी फार वेळ घालवू नका असं म्हणेन. गोष्टीत पहिल्यांदा 'एक म्हातारा होता' आणि नंतर 'तो म्हातारा' असं मराठीतही म्हणतो, तेवढं 'अ' आणि 'द'साठी पुरतं. 'ॲन' अक्षर बघून लावायचा नाही, आवाज ऐकून लावायचा: 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. आठ ओळींच्या परिच्छेदातली सगळी आर्टिकलं काढून मुलांना पेन्सिलीने घालायला द्यावी, महिन्यातून एकदा. सुरुवातीला सगळीकडे 'द' घालतात. हळूहळू कमी होतं.

बोलण्याच्या बाबतीत नियम सोपे हवेत. प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल, उत्तर इंग्रजीत द्यायचं, तुटकं का असेना. 'मे आय कम इन' हे बोलणं धरायचं नाही, ती सवय झाली. कुणी चुकलं आणि वर्ग हसला तर तास तिथल्या तिथे थांबवायचा, कितीही घाई असली तरी. वर्षात दोनदा थांबवला की हसणं बंद होतं, आणि एकदाही नाही थांबवला तर डिसेंबरपर्यंत फक्त पाच मुलं बोलत राहतात. शिक्षकानेही मध्येच तोडून दुरुस्त करू नये. मुलगी म्हणाली 'यस्टरडे आय गो टू मार्केट', तर आपण म्हणावं, 'ओ, यू वेन्ट टू द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?' तिला बरोबर वाक्य ऐकू आलं आणि गप्पाही चालू राहिल्या.

श्रुतलेखन हायस्कूलमध्ये कुणी घेत नाही, घ्यायला हवं. पाच वाक्यं, तीनदा वाचायची: पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने आणि पेन खाली, दुसऱ्यांदा तुकड्या-तुकड्याने लिहिण्यासाठी, तिसऱ्यांदा परत नेहमीच्या वेगाने तपासण्यासाठी. शब्द-शब्द सुटा वाचला की सगळं फुकट जातं, कारण मुलाला बोलीत शब्द एकमेकांना कसे चिकटतात ते ऐकायलाच मिळत नाही. 'वॉक्ड' शेवटी 'ट'सारखा, 'प्लेड' शेवटी 'ड'सारखा आणि 'वॉन्टेड' शेवटी 'इड', हे तीन आवाज कानाला कळले, की भूतकाळाचा 'ईडी' लिहायचा विसरणं निम्म्यावर येतं.

परीक्षेची धास्ती पालकांना असते आणि ती रास्त आहे. पण दहावीची तृतीय भाषा इंग्रजीची प्रश्नपत्रिका नीट बघितली तर ती पाठांतराच्या बाजूची नाही. लेखी 80 गुणांपैकी भाषाभ्यासाला 10, पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना 20, कवितेला 10. पुस्तकाबाहेरचा उतारा आणि सारांश मिळून 15. पत्र आणि संवाद किंवा भाषण 10, माहितीचं रूपांतर आणि बातमी किंवा गोष्ट यांसारखं लेखन 10, भाषांतर 5. म्हणजे पुस्तकाच्या उताऱ्यांचे आणि कवितेचे 30 गुण, आणि त्यांचे उतारेही समोर छापलेले असतात. उरलेले 50 मुलाला स्वतःच्या बळावर मिळवायचे आहेत. गाईड पाठ करणारा मुलगा 30 च्या मागे लागतो आणि 50 सोडून देतो.

सारांशावर सगळ्यात जास्त गुण हकनाक जातात. मुलं उताऱ्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य उतरवतात, मध्ये एखादं घालतात आणि वर शीर्षक देतात. सराव असा करून घ्यावा: नव्वद शब्दांचा उतारा, तीस शब्दांत आणायचा. आधी कुणी काय केलं एवढ्याखालीच रेघ. मग उदाहरणं, विशेषणं आणि अवतरणातलं बोलणं काट मारून टाकायचं. मग पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं स्वतःच्या शब्दांत लिहायचं, 'बट', 'सो', 'बिकॉज' यांतले दोन तरी जोडशब्द वापरून. पुस्तक मिटण्याची पायरी गाळली की मुलं उतरवायला लागतात. बाकी पत्र आणि संवाद यांना साचा आहे, तो पंधरा दिवसांत येतो. कवितेच्या रसग्रहणातही शीर्षक, कवी, यमक, अलंकार हे गुण बहुतेकांना मिळतात. आशयाचे दोन गुण वहीत वर्षभर स्वतःची वाक्यं लिहिलेल्या मुलालाच पूर्ण मिळतात.

पालकसभेत एक मागणी हमखास येते: मुलाला फाडफाड बोलता आलं पाहिजे, क्लास लावू का? ज्या आई-वडिलांना इंग्रजी येत नाही ते पुढे म्हणतात, आम्ही घरी काय करणार. त्यांच्याकडून एक काम मागावं. रोज दहा मिनिटं मुलाने मोठ्याने वाचायचं आणि आईने कामं करता करता ऐकायचं. अर्थ कळला नाही तरी अडखळणं कळतं. जिथे अडखळला तिथे 'परत वाच' एवढंच म्हणायचं. घरात स्मार्टफोन असेल तर बोलून लिहिण्याची सोय चालू करून मुलाने फोनशी इंग्रजीत पाच वाक्यं बोलावीत आणि फोनने काय लिहिलं ते बघावं. 'शिप'चं 'शीप' झालेलं लगेच दिसतं. मात्र फोन पुष्कळदा अंदाजाने शब्द बरोबर करून टाकतो, म्हणून लांब वाक्यापेक्षा सुटे शब्द आणि चार-पाच शब्दांची वाक्यं बरी.

आणि शेवटी लेखी 80 गुणांच्या जोडीला ऐकण्या-बोलण्यासाठी शाळेने द्यायचे 20 अंतर्गत गुण. ते 2019 च्या परीक्षेत काढून टाकले होते. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला आणि नागपूर विभाग सगळ्यांत खाली राहिला. पुढच्या वर्षी गुण परत आले. तेव्हापासून पुष्कळ शाळांत ते सरसकट वाटले जातात, सगळ्यांना 18 किंवा 19. निकालाची काळजी समजते, पण ऐकण्या-बोलण्याला वर्षभरात मिळालेली ही एकमेव अधिकृत जागा आपण अशी भरून टाकतो. तोंडी परीक्षा जानेवारीत एका आठवड्यात उरकण्यापेक्षा जुलैपासून महिन्यातून एकदा जोडीने घ्यावी. दोन मुलं समोर, हातात एक चित्र किंवा शाळेतल्याच एखाद्या प्रसंगाची चिठ्ठी, चार मिनिटं. तीस जोड्यांना दोन तास जातात, ते महिन्याभरात विभागावेत. नोंद चार रकान्यांत: ऐकून उत्तर दिलं का, वाक्य पूर्ण केलं का, दुसऱ्याला प्रश्न विचारला का, ऐकणाऱ्याला कळेल असं बोलला का. व्याकरणाला वेगळा रकाना नको, तो वहीत आहे. दर महिन्याचा आकडा त्याच महिन्यात मुलाला दाखवावा. पुढच्या महिन्यात त्याच्याशी वेगळ्या जोडीदाराला बसवावं, म्हणजे हुशार मुलाच्या आडोशाला कुणी वर्ष काढत नाही.